हुंडणावळ कोणाच्या पट्टीवर?

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचा सौदा झाला की शेतकऱ्याच्या हाती अडत्याची पट्टी पडते. रव्यांचे वजन, भाव, हमाली, तोलाई अशा क्रमाने एकेक रक्कम तीत मांडलेली असते आणि अखेरीस पदरात काय पडले ते दिसते. शेतकरी त्या पट्टीवर कुरकुरतो, प्रसंगी भांडतोही. पण भांडण्यासाठी त्याच्यापाशी निदान कागद असतो. पैसा एका हातातून दुसऱ्या हाती पोचविण्याचा जो खर्च आज देशाला येतो, त्याची अशी पट्टी मात्र कोणाच्याच हाती पडत नाही. तो खर्च नाहीच, अशी समजूत त्यामुळे सर्वत्र रूढ झाली आहे.

छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसविली त्या काळात व्यापाऱ्यांचा पैसा हुंडीने फिरत असे. दर्शनी हुंडी दाखविताच वटे, मुदती हुंडी ठरलेल्या दिवशी. आणि ती वटविणारी पेढी या कामाबद्दल हुंडणावळ घेई. अंतर, जोखीम आणि हंगामातील पैशाची चणचण यांप्रमाणे तिचा दर चढे-उतरे. कोणाला ती जाचक वाटत असेल, पण ती लपलेली नव्हती.

आजची व्यवस्था दोन मजली आहे. वरच्या मजल्यावर घाऊक व्यवहार चालतात. २००४ पासून सुरू असलेल्या आरटीजीएस पद्धतीत दोन लाख रुपयांपासून पुढची प्रत्येक रक्कम रिझर्व्ह बँकेच्या वहीत एका बँकेच्या नावे पडते व दुसरीच्या खाती जमा होते. हा हिशेब तिथल्या तिथे आणि कायमचा मिटतो. परगावचा व्यापारी गुळाचे पाच लाखांहून अधिक रुपये अशा रीतीने पाठवो की पाच कोटी, बँक त्याला फार तर पन्नास रुपये आणि त्यावरील कर आकारू शकते. खालच्या मजल्यावर २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयचा किरकोळ व्यवहार आहे. तेथे महाद्वारावरच्या दुकानदाराला पैसे जमा झाल्याचा निरोप क्षणात मिळतो; बँकांचा आपापसातील हिशेब मात्र दिवसातून काही वेळा, देणे-घेणे वजा करून, रिझर्व्ह बँकेत मिटविला जातो. तोवर दुकानदाराची बँक दुसऱ्या बँकेच्या पतीवर विसंबून असते. यंत्राच्या दृष्टीने दहा रुपयांचा चहा आणि दहा हजारांचे लुगडे यांच्या निरोपाला जवळपास सारखाच खर्च येतो. हुंडणावळ रकमेवर बसे, हा खर्च व्यवहारांच्या संख्येवर बसतो; खरी अडचण आहे ती येथे.

१ जानेवारी २०२० पासून सरकारने यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरील व्यापारी शुल्क शून्यावर आणले. त्याने पानटपरीपर्यंत ही पद्धत पोचली, हे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात अशा व्यवहारांची संख्या २,००० कोटींवर गेली. बँकांच्या नुकसानीपोटी सरकार जे अनुदान देते ते मात्र २०२३-२४ साठी ३,६०० कोटी रुपयांच्या वर होते, तर २०२४-२५ साठी अवघे १,५०० कोटी ठरले. त्या वर्षीच्या सुमारे १८,५०० कोटी व्यवहारांवर ही रक्कम वाटून पाहिली तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम आठ पैसे येतात. हा खर्च कोणाला तरी सोसावाच लागेल, असे रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी २०२५ मध्ये बोलून दाखविले, त्यात नवल काहीच नव्हते.

आज तो सोसतो कोण? मोठ्या बँका आपल्या अवाढव्य ठेवींच्या बळावर तो पचवितात. बहुतांश व्यवहार ज्या दोन-तीन खाजगी कंपन्यांच्या हातून जातात त्या कर्जे, विमा आणि जाहिराती यांतून तो वसूल करू पाहतात. कोल्हापूर-सांगली भागात शिक्षक, कारकून आणि लहान दुकानदार यांच्या ठेवींवर उभ्या राहिलेल्या नागरी सहकारी बँकांना यांपैकी कोणतीच सोय नाही. संगणक यंत्रणा, फसवणुकीविरुद्धचा पहारा, ग्राहकांच्या तक्रारींचे निवारण यांचा खर्च त्यांनाही करावाच लागतो. अनेकींना तर या जाळ्यात शिरण्यासाठी एखाद्या मोठ्या बँकेचा हात धरावा लागतो. फुकट म्हणविल्या जाणाऱ्या सेवेचे मोल अशा रीतीने सभासदाच्या लाभांशातून आणि ठेवीदाराच्या व्याजातून निघते, आणि ते त्याला कळतही नाही.

मग व्यापाऱ्यावर शुल्क बसवावे काय? २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे राज्य सरकारने ठरविले, तेव्हाही असाच प्रश्न उभा होता. खरेदीदार बोली लावताना अडत जमेस धरतोच. तसाच दुकानदारही शुल्क किमतीत मिळवील, आणि रोख पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकालाही ते भरावे लागेल. शिवाय नोटा तरी कोठे फुकट आहेत? २०२४-२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने नोटांच्या छपाईवर ६,३०० कोटींहून अधिक खर्च केला. नोट वापरल्याबद्दल कोणी कोणाकडे शुल्क मागत नाही. तेव्हा सार्वजनिक सोय म्हणून सरकारनेच हा भार उचलावा, हे म्हणणे मुळीच गैर नव्हे. पण मग तो पुरता उचलावा, आणि दरवर्षीची मेहेरबानी म्हणून न देता अर्थसंकल्पात त्याची कायम तरतूद करावी. तेवढी ऐपत नसेल तर लहान दुकानदाराला वगळून मोठ्या उलाढालीच्या व्यापाऱ्याकडून, कमाल मर्यादा ठरवून, अल्प शुल्क घ्यावे. अर्धे अनुदान आणि पूर्ण मनाई ही सध्याची रीत दोन्हींहून वाईट आहे.

अनुदानापैकी किती रक्कम कोणत्या बँकेच्या वाट्याला गेली, याचा बँकवार हिशेब सरकारने प्रसिद्ध करणे अवघड नाही. आणि सहकारी बँकेच्या वार्षिक सभेत अहवालाची पाने उलटून चहाची वाट पाहणाऱ्या सभासदाने, या व्यवहारांपायी बँकेला गेल्या वर्षी किती पदरमोड करावी लागली, एवढे संचालकांना उभे राहून विचारायला हरकत नाही.