शाळेतील पिल्ले आणि बाविसावा दिवस

गेल्या वर्षी आपल्या सीमाभागातील एका शाळेत विज्ञानाच्या तासासाठी वर्गातच अंडी उबवण्यात आली. थर्माकोलची पेटी, आत बल्ब, तापमापक आणि पाण्याची वाटी, एवढेच सामान. एकविसाव्या दिवशी कवच फुटू लागले तेव्हा मलाही बोलावणे होते. मुलांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. चार दिवसांनी शाळेला सुट्टी लागली. पिल्ले कोणी सांभाळायची हे कोणीच ठरवले नव्हते. ती खोक्यातच राहिली. निम्मी गारठ्याने मेली, उरलेली मांजराने नेली. मुलांना सांगण्यात आले की पिल्ले मामाच्या गावाला गेली. शाळेचे नाव मी सांगत नाही. टाळ्या वाजवताना पुढचा प्रश्न मलाही सुचला नव्हता.

यावर आपल्यातील काही शेतकरी बांधव म्हणतात, "फादर, हे उद्योग हवेतच कशाला? आमची खुडूक कोंबडी डालग्याखाली हेच करते." मला हे पटत नाही. डालग्याखाली काय चालते ते मुलाला दिसत नाही. पाचव्या-सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंडे बॅटरीच्या उजेडासमोर धरले, तर तांबड्या शिरांचे जाळे दिसते. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने रोज एक अंडे फोडून पाहिले आणि रक्ताच्या ठिपक्यासारखे धडधडणारे हृदय लिहून ठेवले. सेमिनरीत आम्ही त्याचे तर्कशास्त्र घोकले. त्याने अंडी फोडून पाहिली होती हे मात्र मला फार उशिरा कळले. असो.

तेव्हा अंडी जरूर उबवावीत. फक्त दुकानातली आणू नयेत. त्या फार्मवर कोंबडाच नसतो, अंडी वांझ असतात. घरची, आठवड्याच्या आतली, न धुतलेली अंडी घ्यावीत. ऊब साडेसदतीस अंश सेल्सियसच्या आसपास राहावी आणि दिवसातून तीन वेळा तरी अंडी फिरवावीत. शेवटचे तीन दिवस फिरवू नयेत, पेटीत ओल वाढवावी. वीज जाते हे गृहीत धरूनच चालावे. मला विचाराल तर एक खुडूक कोंबडीही शाळेत रवणीला बसवावी. वीज गेली तरी तिचे काम थांबत नाही. प्रभूने यरुशलेमेविषयी शोक करताना पिलांना पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीचा दाखला उगीच दिला नाही.

एकवीस दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे. बुधवारी अंडी ठेवली तर बुधवारीच फुटतील, तेव्हा शाळा भरलेली असेल. मधल्या दोन रविवारी मिस्सा झाल्यावर मुलांनी शाळेत जाऊन अंडी फिरवावीत. किल्ली कोणाकडे राहणार, ते आधीच ठरवावे.

आणि बाविसाव्या दिवसाचेही तेव्हाच ठरवावे. कोणत्या घरी किती पिल्ले जाणार ते पालकांच्या सहीने लिहून घ्यावे, नाहीतर अंडी ठेवूच नयेत. पहिल्या आठवड्यात पिलांना पस्तीस अंशांची ऊब लागते, ती द्यायची कोणी? साधारण निम्मे नर निघतील आणि ते नाताळला किंवा गावच्या सणाला रश्श्यात जातील. हे मुलांपासून लपवू नये. शेतकऱ्याच्या मुलाला कोंबडी कशासाठी पाळतात हे ठाऊक असते; त्याला मामाच्या गावाची गोष्ट सांगणे म्हणजे त्याच्या अकलेचा अपमान. पिल्ले हाताळल्यावर मात्र साबणाने हात धुवावेत, त्यांचे मुके घेऊ नयेत. त्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात आणि लहान मुलांना त्यापासून हगवण लागते.

पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शेती आणि पशुपालन हा शाळेच्या शिक्षणाचाच भाग, अशी त्यांची धारणा होती. हाताने काम करता करता विज्ञान शिकावे, हे त्यांचे म्हणणे आपल्या मास्तरांनी जरूर अभ्यासावे.

आता आपल्या सर्वांच्या फायद्याची गोष्ट. मानमोडी आली की खुराडे एका आठवड्यात रिकामे होते, आणि ही राणीखेतची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात एक थेंब घातली की पुष्कळ रक्षण होते. पण बाटली शंभर-दोनशे पिलांची असते. एकदा पाण्यात मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते. चार पिलांसाठी ती कोण आणणार, म्हणून घरोघरी राहून जाते. शाळेच्या पिलांना लस द्यायच्या दिवशी आसपासच्या घरांनीही आपली पिल्ले डालग्यात घालून शाळेत आणावीत. त्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यातून बाटली बर्फात ठेवून आणावी लागेल. मोटारसायकल माझी आहे. बर्फाचा डबा कोणाकडे असल्यास रविवारी मिस्सानंतर मला भेटावे.