माणसे गेली म्हणून ‘द बिल’ संपली नाही

‘द बिल’ ही ब्रिटिश पोलीस मालिका 16 ऑक्टोबर 1984 ला सुरू झाली आणि 31 ऑगस्ट 2010 ला संपली. ती का संपली, याचे जुन्या प्रेक्षकांकडे एक तयार उत्तर असते : जुनी माणसे गेली आणि मालिकेतला जीव गेला. सार्जंट बॉब क्रायर गेला, बर्नसाइड गेला, जून ॲकलंड गेली, रेग हॉलिस गेला; मग पाहायचे कोणाला?

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आठवड्यातून दोन-तीनदा घरात येणारा चेहरा घरचाच होऊन जातो. जेफ स्ट्यूअर्टने रेग हॉलिस 1984 पासून 2008 पर्यंत साकारला. त्याच्याबरोबर एक पिढी वाढली. असा माणूस गेला की पोकळी जाणवणारच. पण पोकळी जाणवणे वेगळे आणि मालिका त्यामुळे बुडाली असे म्हणणे वेगळे. हे दुसरे विधान मला साफ नामंजूर आहे.

मुळात ही मालिका जन्मली तीच माणसे बदलत. जेफ मॅक्क्वीनने लिहिलेला ‘वुडनटॉप’ हा एकच भाग 1983 च्या ऑगस्टमध्ये दाखवला गेला. नवखा शिपाई जिम कार्व्हर कामावर रुजू होतो आणि जून ॲकलंड त्याला हाताशी धरते, अशी ती गोष्ट. त्यात इन्स्पेक्टर गॅलोवे होता रॉबर्ट प्यू. वर्षभराने मालिका आली तेव्हा त्याच भूमिकेत जॉन सॉल्टहाउस दिसला. सन हिल ठाणे मात्र तेच राहिले. पुढे कितीतरी वर्षे शेवटच्या श्रेयनामावलीत काय दिसायचे, ते आठवून पाहा : फुटपाथवरून एका लयीत चालणारी दोन पोलिसांची पावले, एक पुरुषाची, एक बाईची. काळे बूट दिसत, चेहरे दिसतच नसत. गस्त चालू आहे, घालणारा कोणीही असो, हे निर्मात्यांनी प्रत्येक भागाच्या शेवटी सांगून ठेवले होते.

आणि पोलीस ठाण्यात माणसे टिकतात कुठे? बदली होते, बढती मिळते, कोणी निलंबित होतो, कोणी निवृत्त होतो. सव्वीस वर्षे तेच लोक त्याच टेबलांवर बसलेले दाखवले असते, तर ते खोटे ठरले असते. 1988 पासून मालिका अर्ध्या तासाची आणि आठवड्यातून दोनदा झाली, 1993 पासून तीनदा. एवढा भार एका नायकाच्या खांद्यावर पेलणारा नव्हताच. ठाणे हाच नायक, ही इथली निकड होती आणि तीच तिची ताकद झाली.

जाणे कसे दाखवावे, याचा धडा हवा असेल तर डॉन बीच पाहावा. हा लाचखोर सार्जंट रंगवायला लेखकांनी घाई केली नाही. तो आधी सहकारी म्हणून आवडू लागतो, मग त्याचे हात कुठवर बरबटले आहेत ते कळत जाते. अखेर झटापटीत सार्जंट बोल्टन त्याच्या हातून मरतो आणि तो पळून जातो. त्याचे पाप सगळ्या ठाण्याला भोवते. इतकी वर्षे प्रमुख असलेल्या ब्राउनलोला पायउतार व्हावे लागते आणि गुन्हे अन्वेषण शाखा जवळजवळ रिकामी होते. एका फटक्यात इतकी ओळखीची माणसे गेली, तरी कोणाला फसवल्यासारखे वाटले नाही, कारण एकाच्या भ्रष्टाचाराची किंमत सगळे ठाणे कशी मोजते, तेच तर मालिका सांगत होती.

आता दुसरी बाजू. काहीजण उलट टोकाला जाऊन म्हणतात की, प्रेक्षक टिकवायचा तर 2002 ची उलथापालथ अटळच होती. हेही मला मान्य नाही. नवे निर्माते पॉल मार्क्वेस यांच्या काळात सन हिलला आग लागली आणि एकदम सहा पोलीस मेले. बीचच्या वेळी गोष्टीने माणसे नेली होती. इथे माणसे काढायची म्हणून गोष्ट रचल्यासारखी वाटली. त्याहून मोठे नुकसान वेगळेच झाले. पूर्वी पोलीस नसलेला प्रसंग दाखवायचाच नाही, असा दंडक होता. जे पोलिसाला ठाऊक नाही ते प्रेक्षकालाही ठाऊक नाही. दार उघडल्यावर पलीकडे काय असेल, याची धाकधूक दोघांना सारखीच. हा दंडक सैल झाला आणि तपासाची जागा लफडी, लग्ने आणि सूड यांनी घेतली.

‘माणसे गेली म्हणून’ हा सिद्धान्त इथेच कोसळतो. जून ॲकलंड त्या काळात होतीच की! तिला साकारणारी ट्रूडी गुडविन 2007 पर्यंत होती. चेहरा तोच, अभिनयही तितकाच सच्चा. पण गस्तीवरच्या समंजस बाईच्या वाट्याला आता तिचा मुलगा असल्याची बतावणी करणारा गॅब्रिएल केंट आला. माणूस जागेवर होता, तिचे काम हिरावले गेले होते.

याउलट डेल स्मिथ पाहा. 2001 मध्ये त्याची गोळी चुकून क्रायरला लागली आणि क्रायरची नोकरी संपली. पुढे तोच स्मिथ सार्जंट होऊन सन हिलला परतला, पोरांना धाकात ठेवणारा आणि त्यांच्यासाठी उभा राहणाराही. ज्याच्या हातून वडीलधारा गेला, त्यानेच वडीलधाऱ्याची जबाबदारी उचलली. लेखकांचे मन कामावर असले, की रिकामी खुर्चीही अशी गोष्ट देऊन जाते.

म्हणून क्रायर गेल्याचा राग मी धरत नाही. राग आहे तो, त्याच्या मागे राहिलेल्यांच्या हातातून तपास काढून घेतल्याचा. ती काळ्या बुटांची पावले कोणाची आहेत, हे आम्ही कधी विचारले नव्हते. ती गस्तीवर निघाली आहेत, एवढे आम्हाला पुरे होते.