नर्सिंगची तयारी दहावीनंतरच

बारावीचा निकाल लागला की बाजारकुणंगसारख्या गावांतही नर्सिंगची चर्चा सुरू होते. आमच्या मते तोवर दोन वर्षे उशीर झालेला असतो. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हवे. खुल्या गटाला किमान ४५ टक्के गुण लागतात. कर्नाटकात सरकारी कोट्यासाठी आता सीईटी द्यावी लागते.

सीईटीत १५ टक्के ग्रामीण आरक्षण आहे. त्यासाठी पहिली ते दहावी राज्यातील ग्रामीण शाळेत शिकल्याचा, बीईओंची सही असलेला दाखला लागतो. मधली काही वर्षे गोव्यात मामाकडे राहून शिकलेल्या मुलीला हा लाभ मिळत नाही. घरातल्या मोठ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

कला शाखेच्या मुलींनाही वाट आहे. तीन वर्षांचे जीएनएम, मग नर्स म्हणून नोंदणी आणि त्यानंतर दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. एक वर्ष जास्त जाते, पण पदवी मिळते.

एजंटाच्या हाती पैसे देण्याआधी कॉलेजची मान्यता तपासा आणि बँकेत चौकशी करा. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागत नाही. दाखले मात्र दहावी होताच काढून ठेवा.