भंगारात जाणारं हुनर

इस्राफ नको, हे आपण जुम्म्याच्या बयानात नेहमी ऐकतो. पण तो विचार पाणी आणि जेवणापाशीच थांबतो. बंद पडलेलं इलेक्ट्रॉनिक शिलाई मशीन मात्र आपण किलोच्या भावाने देऊन मोकळे होतो.

असं एक मशीन मी नेरूळच्या घरी खोललं. बोर्ड जळाला होता, बाकी सगळं शाबूत. मुख्य मोटर, सुई डावी-उजवीकडे सरकवणारी स्टेपर मोटर, पट्टा, पेडल, सगळं चालू स्थितीत. त्या स्टेपर मोटरवर एखादा विद्यार्थी छोटा प्लॉटर बनवू शकतो. एक खबरदारी मात्र हवीच. प्लग काढला तरी पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. तो मीटरने मोजून, रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय आत हात घालायचा नाही.

मला हे पदवीमुळे कळलं. साकीनाका, धारावी किंवा दिल्लीच्या सीलमपुरात हेच काम रोज करणाऱ्यांना ते कुणी शिकवत नाही. त्यांच्यात आपले लोक बरेच आहेत. कुठला पार्ट विकला जाईल हे ते नजरेनं ओळखतात, पण तांब्यासाठी वायर जाळतात आणि तो धूर छातीत घेतात.

कायद्यातही त्यांची जागा आक्रसली आहे. २०१६च्या ई-कचरा नियमांत वस्तू सुट्या करणाऱ्यांचा वेगळा वर्ग होता. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या २०२२च्या नियमांत शिलाई मशीनचं नाव आलं, पण हा वर्ग राहिला नाही. आता नोंदणी आहे ती कारखानदार, उत्पादक, रिफर्बिशर आणि रिसायकलर यांची.

काही जण म्हणतील, आपल्या मुलांनी या धंद्यातून बाहेर पडावं. मुलांनी शाळेतच असावं, यात वाद नाही. पण आज या कामावर घर चालवणाऱ्या मोठ्या माणसाचं काय?

इथे आपल्यासारख्या शिकलेल्यांचं काम सुरू होतं. ऐरोली-महापेच्या ऑफिसात बसणाऱ्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. कपॅसिटर कसा उतरवायचा, वायर न जाळता कशी सोलायची, बोर्ड नोंदणीकृत रिसायकलरकडेच का द्यायचा, हे शिकवावं. चार-पाच कारागिरांना एकत्र आणून रिफर्बिशर म्हणून नोंदणीचे कागद भरून द्यावेत. ऑनलाइन फॉर्म ही त्यांची अडचण आहे, आपली नाही.

आणि 'भंगारवाला' हा शब्द शिवीसारखा वापरणं आजपासून बंद करावं.