सिग्नलमुक्त रस्ता कुणासाठी?

बंगळुरूत पादचाऱ्यांसाठी सिग्नल मागितला की उत्तर ठरलेलं: शहर आधीच तुंबलंय, गाड्या आणखी कशाला थांबवता? चालणाऱ्यांनी स्कायवॉकने जावं. कोंडीत बीएमटीसीची शहर बस अडकते, रुग्णवाहिकाही अडकते. एवढं खरंच आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

टॉमटॉम या नकाशा कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक पाहणीत बंगळुरूत दहा किलोमीटरला सरासरी ३४ मिनिटं १० सेकंद लागत होती. म्हणजे ताशी साडेसतरा किलोमीटर. पुणं लगेच खालोखाल होतं, तेव्हा हा वाद आपलाही आहे. इतके उड्डाणपूल आणि अंडरपास, अगदी आयत्या साच्यांचे ‘मॅजिक बॉक्स’ अंडरपासही बांधून हाती आलेला वेग हा. मोकळ्या पट्ट्यात साठने पळालेली गाडी पुढच्या चौकात त्याच रांगेत उभी राहते. तिचा वेळ वाचत नाही, समोर आलेल्या माणसाचा जीव मात्र जातो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोटारीचा वेग ५० वरून ६५ वर गेला, तर धडकेत पादचारी दगावण्याचा धोका साडेचार पट होतो. देशात २०२२ मध्ये ३२,८२५ पादचारी रस्त्यांवर मेले.

आणि स्कायवॉक? आउटर रिंग रोडवर बस एका बाजूला थांबते, घर दुसऱ्या बाजूला. गुडघे धरलेल्या आजीने किंवा दिवस भरत आलेल्या बाईने जिने चढायचे, उतरायचे, ते मोटारीला थांबावं लागू नये म्हणून. लिफ्ट असली तरी ती बंद पडली की जिनाच उरतो. तो टाळून रस्त्यावर उतरणाऱ्यांना बेशिस्त म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. चोवीस मीटरचा रस्ता धडधाकट माणूस वीस सेकंदांत ओलांडतो, सेकंदाला ऐंशी सेंटिमीटर चालणाऱ्या म्हाताऱ्याला तीस लागतात. भांडण या दहा सेकंदांचं आहे.

पर्याय याच शहरात उभा आहे. ‘टेंडरशुअर’ योजनेत रेसिडेन्सी रोड, सेंट मार्क्स रोडवर पदपथ रुंद केले, मार्गिका सलग एकाच रुंदीच्या ठेवल्या, केबली आणि नळ पदपथाखाली नेले. रस्ता अरुंद केला म्हणून ओरड झाली. पण रुंदी मध्येच बदलली नाही की गाड्या एकमेकींत घुसत नाहीत, आणि केबलीसाठी डांबर उखडावं लागत नाही. चालणाऱ्याची सोय इथे वाहतुकीच्याही कामी येते.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. हेब्बाळ ते सिल्क बोर्ड सुमारे सतरा किलोमीटरचा बोगदा आखणाऱ्या सरकारने त्याआधी रिंग रोडच्या प्रत्येक बसथांब्यापाशी जमिनीवरूनच रस्ता ओलांडण्याची सोय द्यावी, तिथला हिरवा दिवा सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या हिशेबाने लावावा, आणि वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी तीसची मर्यादा घालावी.