हवेची नोंदवही आपल्या हाती

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला आणि हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिकचेही नाव आले. द्राक्षांच्या आणि गोदावरीच्या या शहराला एकलहऱ्याचे कोळशावरचे वीजकेंद्र आहे, सातपूर-अंबडचे कारखाने आहेत आणि त्यांच्या आसपास कामगारांच्या वसाहती आहेत. शहराची सरासरी या वसाहतींचे दुखणे सांगत नाही. त्यासाठी मोजणी गल्लीतच व्हायला हवी.

असे काम लोकांनी आधी केलेले आहे. तमिळनाडूत कडलूरच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीलगतच्या गावकऱ्यांनी २००४ पासून रासायनिक वासांच्या नोंदी ठेवल्या, हवेचे नमुने तपासून घेतले. मुंबईत माहुल-आंबापाड्याच्या रहिवाशांची हवेच्या प्रदूषणाची तक्रार २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ग्राह्य धरली. चिकाटीने मांडलेले गाऱ्हाणे टाळता येत नाही.

पीएम २.५ या सूक्ष्म धूलिकणांची आपल्याकडील २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. हे कण गल्लीत मोजायला स्वस्त सेन्सर वापरता येतात, पण ते दमट हवेत चुकतात. म्हणून ते आधी अधिकृत केंद्राशेजारी ठेवून पडताळावेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यासाठी जागा आणि तज्ज्ञ द्यावेत, नागरिकांच्या नोंदींना लेखी उत्तर द्यावे. शाळांनी, कामगार संघटनांनी आणि वस्तीतल्या मंडळांनी येत्या हिवाळ्यापासूनच हवेची ही नोंदवही उघडावी.