कबुलीआधी वकील हवा

किरकोळ चोरीच्या खटल्यात आरोपीला एक प्रश्न विचारला जातो : गुन्हा कबूल आहे का? दिल्लीतील तीस हजारी, साकेत किंवा कडकडडूमा न्यायालयांत हा क्षणभराचा विधी असतो. समोर उभ्या असलेल्या मोलकरणीसाठी, सुरक्षारक्षकासाठी वा बांधकाम मजुरासाठी मात्र तो पुढील आयुष्याचा निर्णय असतो. प्रत्येक तारखेला दिवसाची मजुरी बुडते. कोठडीत असेल तर घरच बुडते. त्यामुळे ‘कबूल आहे, एकदाचे सोडा’ हे उत्तर पुष्कळदा अपराधाच्या जाणिवेतून नव्हे, तर अगतिकतेतून येते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने या वर्गाला दिलासा दिल्याचे सांगितले जाते. कलम ३०३ नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू वा तिचे मूल्य परत केले, तर शिक्षा केवळ समाजसेवेची. असा गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्रही आहे. तरतूद स्वागतार्ह आहे. मात्र समाजसेवा ही शिक्षाच आहे आणि ती दोषसिद्धीनंतरच मिळते. तुरुंग टळतो, नोंद टळत नाही.

शिवाय ज्यांना या सवलतीची सर्वाधिक गरज, त्यांच्यापर्यंत ती पोहोचेलच असे नाही. घरातील चोरीसाठी कलम ३०५ आणि नोकराने मालकाच्या वस्तूची केलेली चोरी यासाठी कलम ३०६ आहे. दोहोंत सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि पाच हजारांची सवलत नाही. जुलै २०१७ मध्ये नोएडाच्या महागुन मॉडर्न सोसायटीत घरकाम करणाऱ्या एका महिलेवर चोरीचा आळ आला. तिने तो नाकारला. पुढे जमाव सोसायटीवर चालून गेला आणि अनेकांना अटक झाली. राजधानी परिसरातील उंच इमारती ज्यांच्या श्रमांवर चालतात, त्यांच्याविषयीचा संशय किती सहज पेट घेतो, हे तेव्हा दिसले.

म्हणूनच कबुली देण्यापूर्वी आरोपीला आपल्यापुढील वाटा ठाऊक असल्या पाहिजेत. वस्तूचा मालक तयार असेल तर साध्या चोरीत तडजोड होऊ शकते. नोकराने केलेल्या चोरीत त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेचा असतो. २००६ पासून उपलब्ध असलेल्या ‘प्ली बार्गेनिंग’मध्ये शिक्षा कमी होते, पण दोषसिद्धी राहते. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानुसार न्यायालय समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते आणि अशा व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. वरवर या साऱ्या वाटा ‘प्रकरण मिटले’ अशाच दिसतात. परंतु ज्या शहरात घरकामगार आणि भाडेकरूंची पोलीस पडताळणी होते, तेथे निर्दोष सुटका आणि दोषसिद्धी यांतील अंतर पोटापाण्याचे अंतर असते.

गुन्हा नाकारणे म्हणजे खोटे बोलणे, असा एक नैतिक समज आपल्याकडे आहे. तो चुकीचा आहे. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) नुसार कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही. ज्याच्या हातून खरोखर अपराध घडला, त्याने तो मान्य करण्यात प्रतिष्ठा आहेच. पण त्या कबुलीची किंमत त्याला आधी कळली पाहिजे. ज्याने काही केलेच नाही, त्याने केवळ तारखांच्या भीतीने अपराधी होणे हा न्यायाचा पराभव आहे.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीतील प्रत्येकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची १५१०० ही मदतवाहिनीही आहे. माझे म्हणणे इतकेच की, हा हक्क आरोपीने मागण्याची वाट पाहू नये. वकिलाशी बोलणे झाले आहे आणि कबुलीचे परिणाम आरोपीला त्याच्या भाषेत समजावले आहेत, अशी नोंद झाल्याखेरीज कोणत्याही न्यायालयाने कबुली लिहून घेऊ नये. यासाठी नवा कायदा लागत नाही. प्रत्येक आरोपीसाठी काही मिनिटे लागतात. एखाद्याला आयुष्यभरासाठी चोर ठरवण्यापूर्वी तेवढा वेळ त्याला मिळालाच पाहिजे.